दम लागला तरच

आई,

आज मी धंतोलीत गेले होते, छातीच्या डॉक्टरांकडे. सहा महिन्यांची तपासणी होती. त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, तीन वेळा, आणि कागदावर उमटलेली रेघ माझ्याकडे वळवून म्हणाले, "छान आहे. दोन वर्षांपूर्वी वाढवलेला डोस आता अर्धा करू. पण बंद नाही करायचा." मी हो म्हटलं, जिना उतरले आणि रस्त्यावर येऊन उगाचच हसले. तू ज्या हॉस्पिटलात आया होतीस ते तिथून दोन गल्ल्या पलीकडे. पाय आपोआप तिकडे वळले. आता त्याला समोरून काचा लावल्यात, पण बाहेरची गर्दी तीच आहे. यवतमाळहून, गोंदियाहून आलेली माणसं पायरीवर डबा उघडून बसलेली, कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, कुणी फोनवर ओरडून घरच्यांना पत्ता सांगतंय. मी फाटकाशी उभी राहिले आणि वाटलं, ही बातमी आधी तुला सांगायला हवी. मग लक्षात आलं, ही सांगायची तर तिच्या आधीचं सगळंच सांगावं लागेल. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आधीचं मी तुला कधी सांगितलंच नाही. म्हणून घरी आल्या आल्या वही घेऊन बसले आहे.

खापरखेड्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाबा विजेच्या प्लांटमध्ये, तू रोज बसने नागपूर शहरात. सुट्टीच्या दिवशी दोरीवरचे कपडे आत आणण्याआधी तू एकेक झटकायचीस, कारण त्यांच्यावर प्लांटच्या राखेचा बारीक थर असायचा, आणि मला हाताने मागे सारायचीस, "बाजूले हो वं, तुह्या नाकात जाईन." मला पहिल्यांदा दम लागला तो त्याच स्वयंपाकघरात. तू मिरच्या भाजत होतीस. मी सात वर्षांची असेन. तू तवा तसाच टाकून मला कडेवर घेतलंस, इतकी मोठी झाले होते तरी, आणि कॉलनीच्या दवाखान्यापर्यंत धावलीस. दोन दिवसांनी तू कामावरून येताना रुमालात गुंडाळून दम्याचा निळा पंप आणलास. तो तू सगळ्यात वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे ठेवलास आणि मला समोर उभं करून सांगितलंस, "हे शेवटचं औषध हाय. दम लागला तरच घ्याचं. रोज घेतलं तं सवय पडते, मंग ते कामच करत नाही."

हा तुझा नियम मी कित्येक वर्षं पाळला. तो अडाणीपणाचा होता असं मी कधी म्हणणार नाही. तू वॉर्डात काम करत होतीस. ज्यांच्या उशाशी पंप असायचा त्यांच्याच नाकाला ऑक्सिजन लावलेला असायचा. त्यांच्या चादरी तू बदलायचीस, त्यांना बसतं करून पाणी पाजायचीस, आणि एखाद्या सकाळी जाऊन बघावं तर खाट रिकामी. पंप हातात आला की माणूस फार दिवस राहत नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलेलं होतं. जी माणसं रोज सकाळी दोन दम ओढून कामावर जात होती आणि संध्याकाळी घरी येऊन जेवत होती, ती तुला दिसली नाहीत, कारण ती वॉर्डात येतच नव्हती. हे मला समजायला माझी पस्तिशी उलटावी लागली. तुला कोण समजावणार होतं? डॉक्टर आयांशी चादरींबद्दल बोलायचे.

दहावीत होते तेव्हाचं आठवतं? शाळेच्या स्नेहसंमेलनात माझं लेझीम होतं आणि पहिल्या रांगेत मी. तालमीत दोनदा छाती भरून आली होती. कार्यक्रमाच्या दुपारी मी स्टूल लावून पंप काढला आणि काही होत नसताना दोन दम ओढले. त्या दिवशी मी शेवटपर्यंत नाचले, आई. घरी आले तर तू फळीखाली उभी. स्टूल मी जागेवर ठेवायची विसरले होते.

"दम लागला होता का?"

"नाही."

"मंग काहून घेतला?"

"लागंल म्हणून."

तू मला थोबाडीत मारलीस. त्याआधी कधी मारली नव्हतीस, नंतरही नाही. मग तू पाठमोरी होऊन भाकरी थापायला बसलीस आणि त्या दिवशी भाकरीला एकही पदर सुटला नाही. मी तेव्हा रागावले होते. तू घाबरली होतीस, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग माझ्या लग्नाचं. नागपूरहून पाहुणे यायचे होते. मुलाचं आणि त्याच्या आईचं सीताबर्डीत साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान, मुलगा साधा, घर स्वतःचं. तू आदल्या दिवशी मला न्हाऊ घातलंस, केस पुसता पुसता म्हणालीस, "दमाचं काही बोलजो नोको. एकदा का पोरीले दमा हाय म्हटलं का सगळे पाहुणे उठून जाते." मी विचारलं, "आणि नंतर?" तू म्हणालीस, "नंतर दम लागला तरच घेजो. कोणी पाहत नसन तेव्हा." लग्नाच्या आठवड्यात तू मला एक कापडी पिशवी शिवून दिलीस, मुठीएवढी, ओढदोरीची, परकराच्या नाडीला अडकवता येईल अशी. आत पंप बरोबर मावत होता. इतर पोरींना त्यांच्या आईने जोडवी दिली, पैठणी दिली. तू मला लपायला जागा दिलीस. मी ती पिशवी चार वर्षं कमरेला बांधली.

त्या चार वर्षांबद्दल तू फोनवर विचारायचीस तेव्हा मी दोनच शब्दांत सांगायचे, "बरं हाय." आता नीट सांगते. आमच्या दुकानात दोन मशिनी, एकीवर सासूबाई, दुसरीवर मी. दिवसभर नव्या साड्यांची खळ, धाग्यांची बारीक लव, खाली पसरलेल्या कातरणी. आठवड्यातून एकदा दम लागायचा, मग दोनदा, मग रोज. दुकानामागे एक अरुंद बोळ होता, तिथे सामायिक संडास. मी तिथे जाऊन दाराला कडी घालून पंप ओढायचे आणि आवाज येऊ नये म्हणून नळ सोडायचे. पाच मिनिटांत छाती मोकळी व्हायची आणि मला वाटायचं, झालं, बरी झाले. सुरुवातीला एक पंप उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुरायचा. चौथ्या वर्षी तो महिनाभरही पुरेना. एकाच औषधवाल्याला कळू नये म्हणून मी कधी सीताबर्डीवरून, कधी महाल भागातून, कधी माहेरी येताना बसस्टँडजवळून घ्यायचे. तुझा नियम मोडत नव्हते मी. दम लागला तरच घेत होते. फक्त तो आता सारखाच लागत होता.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. लग्नसराई, दुकानात साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत. त्या दिवशी सकाळीच कूलरला नवं गवत भरलं होतं आणि वारा सुटला की त्याचा धुरळा थेट माझ्या तोंडावर. दुपारी एकच्या सुमारास छाती आवळली. मी बोळात गेले, पंप दाबला, काही आलं नाही. हलवला, पुन्हा दाबला. नुसती फुस्स. परत येऊन खुर्चीवर बसले तोवर मला वाक्य बोलता येत नव्हतं. सासूबाईंनी मशीन थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं,

"पंप कुठाय तुहा?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या कमरेला हात घातला, पिशवी बाहेर काढली, पंप कानाशी धरून हलवला आणि टेबलावर आपटला. "संपला हाय हा." मग शेजारच्या दुकानदाराला ऑटो आणायला पिटाळलं, माझ्या पाठीवर हात ठेवून मला बाहेर काढलं आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, "धंतोली. आन् सिग्नल पाहू नोको."

आई, मला वाटेत मरणाची भीती वाटली नाही. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: आईला काय सांगू, यांना कळलं.

नाकातोंडावर मास्क लावून वाफ दिली, हातात सुई टोचली, तासाभराने श्वास खाली उतरला. मी पडल्या पडल्या सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुमाले कधी कळलं?"

"लग्नाच्या पहिल्या महिन्यातच. मशीन थांबली का तुह्या छातीतली शिट्टी आयकू येते. दोन हाताच्या अंतरावर बसतो न मी. बहिरी समजली का मले?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू नाही बोलली, म्हणून मी नाही बोलली. तुले वाटलं असन हे सासू काय म्हणन." मग म्हणाल्या, "खोटं नाही बोलत. तुमी पाहताना सांगितलं असतं तं मी नाहीच म्हटलं असतं. उठूनच गेली असती. पण आता चार वर्षं तू माह्या बाजूले बसून राहिली. आता कुठं जातं उठून?"

म्हणजे तुझं अगदीच चुकलं नव्हतं, आई. हे तुला मुद्दाम सांगते आहे. तू खोटं बोलायला लावलंस म्हणून मला हे घर मिळालं. पण ते खोटं धरून ठेवण्यासाठी मला दम लागेपर्यंत थांबावं लागत होतं. लपूनछपून दम लागल्यावरचंच औषध घेता येतं. रोजचं औषध रोज कुणाला तरी दिसतं.

संध्याकाळी डॉक्टर आले, आज भेटले तेच, तेव्हा चाळिशीचे होते, आता डोकं पूर्ण पांढरं झालंय. त्यांनी विचारलं, निळा पंप किती लागतो? मी सवयीने म्हटलं, "कधीमधी." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "रोज घेते. दोनदा तीनदा. नळ सोडला का समजाचं." डॉक्टरांनी माझी उशी सरळ केली आणि सावकाश समजावलं. श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते. दम नसतो त्या दिवशीही ती असते. निळा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो, सुजेला हात लावत नाही. म्हणून तो जास्त लागायला लागला की सूज वाढतेय असं समजायचं, आणि मी ते संडासात उभं राहून चार वर्षं समजून घेत नव्हते. सुजेचं औषध वेगळं. ते थोडं थोडं रोज घ्यायचं, बरं वाटत असलं तरी. निळा जवळ ठेवायचाच, पण तो अडीअडचणीला.

मी तुझंच वाक्य म्हटलं, "रोज घेतलं तर सवय पडते ना?"

डॉक्टर काही बोलायच्या आत सासूबाईंनी उत्तर दिलं, "मी बीपीची गोळी रोज घेतो. चक्कर येऊन पडल्यावर घेतो का? सवय पडली तं पडली. जित्ती हावो न."

घरी आल्यावर सुजेचा, रोजचा नारिंगी पंप भिंतीतल्या देवळीत, दात घासायच्या ब्रशांच्या पेल्याशेजारी ठेवला गेला. मी नाही, सासूबाईंनी ठेवला. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी तो उचलून पाहिला, म्हणाला, "चार वर्षं मले सांगितलं नाही," आणि दोन दिवस गाल फुगवून बसला. तिसऱ्या दिवसापासून तोच मला चूळ भरायची आठवण करू लागला, कारण डॉक्टरांनी पंपानंतर चूळ भरायला सांगितलं होतं आणि त्याच्या हाती तेवढंच काम उरलं होतं.

पहिले पंधरा दिवस मला काहीच जाणवलं नाही. हे मला फार अवघड गेलं. निळा ओढला की छातीत दार उघडल्यासारखं व्हायचं, या नारिंगीने काहीच व्हायचं नाही. घेतला तरी तेच, नाही घेतला तरी तेच, मग कशाला घ्यायचा? एक दिवस मी तो नुसता हातात घेऊन परत ठेवला. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "आवाज नाही आला!" तुझ्याकडे पंप घेतल्याची शिक्षा होती, इथे न घेतल्याची. मला दोन्हीकडे चोरी करता येत नव्हती.

मग एके दिवशी काय झालं ते ऐक. दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर आमचं गोदाम. मी गठ्ठा घेऊन जिना चढत होते आणि नवरा मागून दुसरा गठ्ठा घेऊन. त्याने एका गिऱ्हाइकाच्या साडीला चुकीच्या रंगाचा फॉल दिला होता, त्यावरून मी त्याला बोलत होते. पहिल्या मजल्यावर सुरू केलं, दुसऱ्यावर त्याच्या मावशीपर्यंत पोचले, तिसऱ्यावर गठ्ठा खाली टाकून शेवटचं वाक्यही पूर्ण केलं. तो काहीच बोलेना. मी म्हटलं, "काहून गप्प?" तो म्हणाला, "तू थांबलीच नाही." मला वाटलं टोमणा मारतोय. तो म्हणाला, "तसं नाही. मधात श्वास घ्याले थांबलीच नाही तू. तीन मजले." आम्ही दोघं त्या धुळीच्या गोदामात गठ्ठ्यांवर बसून हसलो, आणि हसूनही मला खोकला आला नाही.

हे सगळं तुला तेव्हा का नाही सांगितलं? सांगणार होते. पुढच्याच रविवारी खापरखेड्याला आले होते त्यासाठी. पण तू दारातच मला पाहून म्हणालीस, "कशी भरली वं अंगानं! दम नाही न लागत आता?" मी नाही म्हटलं. तुझा चेहरा असा उजळला, आणि तू म्हणालीस, "पाह्य, म्या सवय लागू नाही देली म्हणून गेला." मी चपला काढल्या आणि आत आले. त्या दिवसापासून उलटं सुरू झालं. सासरी पंप उघड्यावर आणि माहेरी लपवलेला. सहा वर्षं तुझ्याकडे आले की मी मोरीचं दार लावून, नळ सोडून तो घ्यायचे.

एकदा मात्र माझा धीर सुटला. आपल्या शेजारच्या क्वार्टरमधली ती बाई, जिची पोरगी रात्रंदिवस खोकायची, ती ओट्यावर बसून तुला सांगत होती की डॉक्टरने रोजचा पंप लिहून दिलाय. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "रोज नोको देऊ. माह्या पोरीले पाह्य. दम लागला तरच देला, आता निशाणी नाही." ती बाई माझ्याकडे अशा आशेने पाहत होती की मला तिथे बसवेना. ती उठून गेली तेव्हा मी दही आणायच्या निमित्ताने तिच्या मागे गेले. तिच्या स्वयंपाकघरात पिशवीतून माझा नारिंगी पंप काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "काकू, मी रोज घेते. दोन वेळा. म्हणून बरी आहे. डॉक्टर सांगतील तसं द्या पोरीला. फक्त माझ्या आईला सांगू नका." तिने पंप उलटसुलट पाहिला, परत दिला आणि वाटीभर दहीही दिलं. मी येऊन तुझ्याजवळ बसले. तू त्या दह्याची कढी केलीस. ती पोरगी आता प्लांटच्या ऑफिसात कामाला आहे. तिची आई तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत तुला काही बोलली नाही.

तू रागावशील अशी भीती मला कधीच नव्हती, आई. तुला कळलं असतं तर तू मागे मागे जात एकेक दिवस मोजला असतास, मी पाठ वाकवून बसलेली, ओठ निळे पडलेले, आणि प्रत्येक दिवस स्वतःच्या नावावर लावून घेतला असतास. वरच्या फळीकडे हात न नेलेला प्रत्येक दिवस. ते मला नको होतं. तू ज्या खात्रीने गेलीस ती तशीच राहू दिली, आणि आज पुन्हा तू दारात उभी राहून विचारलंस तर मी हेच सांगेन, गेला दम, तुझ्यामुळे गेला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, जी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. तुझं हृदय अचानक थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टर माणसांनी भरलं होतं. रडून रडून माझा आवाज गेला होता. मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले, पिशवीतून पंप काढला, आणि सवयीने मोरीकडे वळणार तेवढ्यात थांबले. तिथेच, ओट्याला टेकून, सगळ्यांसमोर दोन दम घेतले. कुणी पाहिलंही नाही. आणि आई, तुझ्या जाण्याला एक दिवसही झाला नव्हता, तरी त्या क्षणी मला हलकं वाटलं.